दहा खरी वाक्यं

८ जानेवारी

मामा,

नमस्कार आधी घ्या. पुढे मागणं आहे, आणि ते वाचून तुम्ही पत्र फाडलंत तरी नमस्कार पोचलेला असावा.

मी अजून त्याच हॉस्पिटलात, त्याच तळघरात आहे. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, ट्रेमध्ये मांडायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या मशीनमध्ये घालायची. सोळा वर्षं झाली, हात आपोआप चालतात. पण नव्या मेट्रनबाईंनी पाळीचं रजिस्टर इंग्रजीत लिहायचा हुकूम काढलाय. काय केलं, काय चालू आहे, पुढच्या पाळीने काय करायचं, असे तीन रकाने. मागच्या महिन्यात मी एका ट्रेबद्दल जे लिहिलं त्याचा अर्थ निघाला की ट्रे वाफवून झाला. तो व्हायचा होता, मामा. वाफ लागली की काळी होणारी कापडावरची पट्टी अजून पांढरीच आहे हे वर थिएटरातल्या एका सिस्टरने बघितलं म्हणून निभावलं. मला मेमो मिळाला. मेमोपेक्षा त्या टेबलावरच्या पेशंटचा विचार जास्त छळतो.

२० एप्रिलला याच इंग्रजीची परीक्षा आहे. पास झाले तर मी पाळीप्रमुख. नापास झाले तर ढकलगाड्या ओढायच्या. माझ्या कमरेचं तुम्हाला माहीत आहे. गाडी मला सहा महिनेही झेपायची नाही, मग घरीच बसावं लागेल.

शाळेत तुम्ही हाक मारलीत की माझे पाय थरथरायचे. आता पत्रात पाय दिसत नाहीत, म्हणून धीर करून विचारते. मला पोस्टाने काळ शिकवाल का? मामीला नमस्कार.

बेबी


१७ जानेवारी

चि. बेबी,

आशीर्वाद. एकेचाळीस वर्षांच्या बाईला अजून बेबी म्हणावं लागतं, यातच सगळं आलं.

तुझ्या मराठी पत्रात सात चुका सापडल्या. त्या लाल शाईने दाखवून पत्र परत पाठवतो आहे. हे मी सगळ्यांसाठीच करतो. तुझ्या थोरल्या काकांची लग्नपत्रिकासुद्धा मी तपासून परत केली होती. त्यानंतर त्यांनी आम्हाला कार्याला बोलावणं सोडलं, तो त्यांचा प्रश्न. पोरं मला पाठीमागे ‘फुलीसर’ म्हणत, हे मला माहीत होतं. निदान ते नाव तरी त्यांना अचूक लिहिता येत होतं.

तू तिसऱ्या बाकावर बसायचीस आणि ‘गो’चा भूतकाळ ‘गोड’ सांगायचीस. तेव्हाच मी म्हटलं होतं की या मुलीच्या हातात पुस्तक देण्यापेक्षा काहीतरी घासायला द्यावं. पुढे तसंच झालं.

तरी शिकवतो. तुझी मामी झरोक्यातून म्हणाली, “नाही म्हणू नका हो तिला.” माझी घरच्या शिकवणीच्या वर्गाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक झरोका आहे, त्यातून ती चहा देते आणि अधूनमधून मतं देते. चहा चांगला असतो.

आता लक्ष दे. इंग्रजी क्रियापदं दोन तऱ्हेची. काही गरीब, शेपटीला ‘ईडी’ बांधली की मुकाट्याने भूतकाळात जातात. वॉश, वॉश्ड. बॉइल, बॉइल्ड. काही माजोरी, ती रूपच पालटतात. ब्रिंग, ब्रॉट. टेक, टुक. त्यांना युक्ती नाही, घोकंपट्टी आहे. वर्तमानात ‘ही’ किंवा ‘शी’ आली की क्रियापदाला ‘एस’ लागतो. ‘शी वॉश’ लिहिणाऱ्याला मी तासभर उभं करत असे. भविष्याला ‘विल’ लागतं आणि त्यानंतर क्रियापद मूळ रूपात येतं. ‘विल वेंट’ लिहिणाऱ्याच्या भविष्याची मी हमी देत नाही.

दर पत्रासोबत वेगळ्या कागदावर दहा वाक्यं पाठवायची, आणि ती खरी हवीत. गाइडमधला आंबे खाणारा राम मला नको. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. खोट्या वाक्यात माणूस झोपेत क्रियापद टाकतो. खरं लिहिताना ते कधी घडलं हे त्याला आठवावं लागतं.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मशीनच्या दारावर चिकटवलं होतं. बॉइल, बॉइल्ड म्हणत आम्ही चौघी काम करतो. मेट्रनबाई म्हणाल्या, हे काय भजन चाललंय?

सोबत दहा वाक्यं. सगळी तळघरातली आहेत आणि सगळी खरी आहेत. कात्री हरवल्याचंही खरं आहे, ती नंतर कापडात सापडली.

मामीला सांगा, तिने नाही म्हणू दिलं नाही हे मी विसरणार नाही.

बेबी


२१ फेब्रुवारी

चि. बेबी,

दहापैकी तीन बरोबर. ‘वी ब्रिंग्ड द ट्रे’ वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

या वेळी फुल्या हिरव्या आहेत, कारण माझं लाल पेन सापडत नाही. चौदा तारखेपासून घरातली कुठलीच वस्तू जागेवर नाही. तुझी मामी हवापालटासाठी तिच्या भावाकडे गेली आहे. जाताना तिने फक्त ‘जाते’ इतकंच सांगितलं. असे झटके बायकांना या वयात येतात. मी फोन केलेला नाही. जशी गेली तशी येईल.

कारण विचारशील तर कारण काहीच नाही. माझा एक जुना विद्यार्थी, आता मोठा अधिकारी, बायकोला घेऊन मला भेटायला आला होता. ती परदेशात वाढलेली, तिला मराठी येत नाही. मी खाली वर्तमानपत्र आणायला गेलो होतो. जिना चढून वर येतो तर तुझी मामी दारात उभी राहून त्या बाईंशी चक्क इंग्रजीत काहीतरी बोलत होती. मी म्हटलं, “आमच्या घरात आता भिंतीही इंग्रजी बोलायला लागल्या!” सगळे हसले. तीसुद्धा हसली असावी, मी नीट पाहिलं नाही. तिने चहा केला, पाहुणे गेले आणि तासाभराने ती बॅग घेऊन निघाली.

सकाळच्या तुकडीला नऊ पोरं येतात. मध्येच मी झरोक्याकडे हात करतो आणि तो तसाच परत घ्यावा लागतो. पोरं खुसखुसतात. चहाच्या डब्यात साखर निघाली आणि साखरेच्या डब्यात सोडा.

माजोरी क्रियापदं चाळीस वेळा लिहून पाठव.

तुझा मामा


६ मार्च

मामा,

चाळीस वेळा लिहिली आहेत. एकतिसाव्या वेळी ‘ब्रॉट’ चुकलं, ते खोडलं नाही, तुम्हाला खोडलेलं आवडत नाही.

या वेळची वाक्यं तळघरातली नाहीत. माझ्या मागच्या खोलीत सध्या एक बाई राहते, तिच्याविषयी आहेत. खरं लिहायचं असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून जसं दिसलं तसं लिहिलं.

एक विनंती आहे. नुसती क्रियापदं बघू नका, जरा मजकूरही वाचत जा.

बेबी


१५ मार्च

चि. बेबी,

मजकूर वाचणं पोस्टमनचं काम नाही, तसं माझंही नाही. वैद्य नाडी बघतो, पेशंटचं गाणं ऐकत बसत नाही.

तरी तू म्हणालीस म्हणून वाचला, आणि पस्तावलो. कोण ही तुझी भाडेकरीण? ‘ती एक बॅग घेऊन आली.’ केम, बरोबर. ‘ती सकाळी मोठ्याने वर्तमानपत्र वाचते.’ ‘रीड’ला ‘एस’ लावलास, उजेड पडू लागला म्हणायचा. ‘ती माझ्या वहीतल्या चुका दाखवते.’ इथे पुन्हा ‘शो’ मोकळा सोडलास. आणि नववं वाक्य, ‘तिचा नवरा तिला शोधायला येणार नाही.’ विल नॉट कम, चोख. अशा बाईला शोधायला न येणारा नवरा शहाणा असला पाहिजे. भल्या घरातून बॅग उचलून निघालेल्या बाईला चार दिवस लाड मिळाले की ती शेफारते. तिला सांग, गुमान घरी जा.

आणि ती तुझ्या वहीतल्या चुका दाखवते म्हणजे काय? तिची लायकी काय? घरात बसून ज्याला त्याला शहाणपण शिकवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिच्यापासून वही लांब ठेव.

दहापैकी सात. मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं. माझी शिकवण्याची पद्धत दगडातूनही अंकुर काढते, असं मी मागे शाळेच्या समारंभात म्हटलं होतं, ते खोटं नव्हतं.

तुझ्या मामीचं पत्र नाही. मीही लिहिलेलं नाही. मोजे कुठे ठेवलेले असतात हे तुला माहीत असण्याचं कारण नाही, तरी विचारतो.

तुझा मामा


२४ मार्च

मामा,

दोघी जणी आजारी पडल्यात, मी पंधरा दिवस दुहेरी पाळी करते आहे. उभ्या उभ्या डुलकी लागते. जास्त लिहीत नाही. सोबत कागद आहे.

मोजे कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागे असतील.

बेबी


२ एप्रिल

बेबी,

मोजे सापडले. ते तुला कसं माहीत, याचा विचार मी नंतर करीन. आधी या कागदाचं बोलू.

हा कागद तुझा नाही. तुझं अक्षर पावसात भिजलेल्या मुंग्यांसारखं असतं. हे अक्षर वळणदार आहे, एका रेषेत आहे, कुठे खाडाखोड नाही. क्रियापदं तर बघतच राहिलो. पोअर्ड, हर्ड, लर्न्ट, आस्क्ड, लाफ्ड, लेफ्ट. भूतकाळातून वर्तमानात अशी सहज पावलं टाकली आहेत आणि शेवटच्या दोन वाक्यांत भविष्य. ‘लाफ्ड’च्या स्पेलिंगवर माझे दोन सहशिक्षकसुद्धा घसरत. मी दहापैकी दहा दिले आहेत. हा आकडा मी छत्तीस वर्षांत कुणाच्या कागदावर लिहिलेला नाही. लिहिताना हात अडखळला, ते तुला शाईत दिसेल.

ज्याने कुणी हा लिहिला आहे, त्याला माझा नमस्कार सांग. तो माणूस कुठे शिकला, कुणाच्या हाताखाली, हे मला कळायला हवं. असा एक विद्यार्थी माझ्या वर्गात बसला असता तर माझी नोकरी सार्थकी लागली असती.

पण तू लबाडी केलीस. दुसऱ्याचा कागद स्वतःचा म्हणून पाठवलास. गोड, ब्रिंग्ड मी सहन केलं, हे करणार नाही. परीक्षेला अठरा दिवस उरलेत, आता तुझं तू बघ. उद्यापासून तुझी पाकिटं मी उघडणार नाही. गाड्या ढकलणाऱ्यांचीही जगाला गरज असते.

मामा


५ एप्रिल

मामा,

हे पाकीट नसून पोस्टकार्डं आहेत, तीन. उघडायचा प्रश्नच नाही. पोस्टमनही वाचेल, वाचू दे.

कागद माझा नव्हता आणि तो माझा आहे असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. ‘सोबत कागद आहे’ इतकंच लिहिलं होतं. मी जेवणाच्या टेबलावर डोकं ठेवून झोपले होते. ती दहा वाक्यं मामीने लिहिली.

हो, मामीने. मागच्या खोलीतली बाई म्हणजे मामी. भावाकडे ती गेलीच नाही. तुम्ही एक फोन केला असतात तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती, ती आज मोडते. मी सकाळी पाकिटात माझी अर्धी वाक्यं घालत होते, तर ती म्हणाली, “हा माझा जाऊ दे. एकदा तरी बघू, काय देतात.”

तुमच्या हिरव्या फुल्यांतून मला काही कळत नसे, मामा. का चुकलं ते तुम्ही लिहीतच नाही. भांडी आवरली की मामी माझ्यासमोर बसते आणि एकेक फुली समजावून सांगते. माझे तिनाचे सात झाले ते तिच्यामुळे. दगडातून अंकुर काढणारी पद्धत ही.

तुम्ही बरोबरच्या खुणा करून परत पाठवलेला तो कागद माझ्यासमोर आहे. तुम्ही त्यातली क्रियापदं वाचलीत. आता राहिलेलं मी मराठीत लिहिते, नीट वाचा.

मी छत्तीस वर्षं झरोक्यातून चहा ओतून दिला. दोन्ही तुकड्यांचे धडे मी भिंतीपलीकडून ऐकले. चहा उकळेपर्यंत जेवढं कानावर पडलं तेवढं मी शिकले. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी वर्गात बसू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, कपडे वाळत घालायला भूतकाळ लागतो का? त्या दिवशी दारात मी एका पाहुणीला म्हटलं, आत या, ते खाली गेले आहेत, दहा मिनिटांत येतील. ते हसले. मी निघाले. माझी भाची पास होईल. मी परत विचारणार नाही.

झाली दहा. दारातलं ते वाक्य बरोबर होतं, मामा. तुम्ही ते पुरतं ऐकलंही नाहीत.

आणि ‘तिची लायकी काय’ हे वाक्य मी मामीला वाचून दाखवलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, “मोज्यांचं सांग त्यांना, पाय गार पडतात त्यांचे.” मला तुमची लाज वाटली. शाळेत तुमची भीती वाटायची, ती आता गेली. परीक्षेला पाय थरथरणार नाहीत.

बेबी


१२ एप्रिल

चि. बेबी,

तिन्ही कार्डं मिळाली. शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या नाहीत.

मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. माणसाला भिंतीपलीकडचं दिसत नाही. बाकी भिंतीपलीकडून ऐकून येणारं ज्ञान किती पक्कं असतं, याबद्दल मी साशंक होतो आणि आहे. एका कागदावरून काही ठरत नसतं. तरी दिलेले गुण मी परत घेत नाही, तसा माझा नियम नाही.

तिला सांग की परत यायला माझी काही हरकत नाही. झाल्या गोष्टीबद्दल मी काही बोलणार नाही. सकाळच्या तुकडीत पुढच्या बाकावर बसायची मी तिला परवानगी देईन. प्रगती समाधानकारक वाटली तर खालच्या वर्गाच्या वह्या तपासायला देण्याचाही विचार करता येईल. चहाचं काय ते नंतर बघू. सध्या पोरं बाहेरून आणतात, तो पिववत नाही.

वीस तारखेला घड्याळ घालून जा. प्रश्न दोनदा वाच.

मामा


२८ एप्रिल

अहो,

पत्र बेबीला लिहिलंत, पण ते माझ्यासाठी होतं, म्हणून उत्तर मी देते. लग्नानंतरचं हे माझं तुम्हाला पहिलंच पत्र. आजवर मी तुम्हाला फक्त दुकानाच्या याद्या लिहून दिल्या, तेव्हा अक्षर ओळखलं नाहीत यात नवल नाही. यादीतलंही तुम्ही अर्धंच आणायचात.

तुमचं पत्र तपासून सोबत परत पाठवते आहे. आपल्या घरची रीत आहे ती. ‘हरकत नाही’वर फुली आहे. ‘परवानगी’वर फुली आहे. ‘मी काही बोलणार नाही’वर दोन आहेत, कारण बोलायचं तेवढंच राहिलं होतं. ‘घड्याळ घालून जा’ हे एक वाक्य मात्र बरोबर आहे. दहापैकी एक. का चुकलं ते बाजूला लिहिलंय, तुमच्यासारखी नुसती फुली मारून सोडत नाही.

बेबी पास झाली. तेवीस तारखेला यादी लागली. पहिली वगैरे आली नाही, मधे कुठेतरी आहे, पण पाळीप्रमुख झाली. घरी येऊन तिने गाडीचा दांडा ढकलून द्यावा तसे हात केले आणि मग खुर्चीत बसून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रजिस्टरचे तीन रकाने स्वतः लिहिले. मी मुद्दाम तळघरात जाऊन वाचले. वाफवलेला ट्रे वाफवलेल्यात आहे आणि राहिलेला राहिलेल्यात.

मेट्रनबाईंनी मला तिथेच पकडलं. म्हणाल्या, हिला तुम्ही शिकवलंत ना, मग बाकीच्यांनी काय पाप केलं? दोन दिवस झाले, कपड्यांच्या गाठोड्यांच्या खोलीत वर्ग भरतो. बारा जणी आहेत. काहींच्या हाताला साबणाचा वास येतो, मला तो ओळखीचा आहे. कुणी ‘ब्रिंग्ड’ म्हणालं तर सगळ्या हसतात, आणि ती बाईही हसते. आधी तिलाच हसू दिलं की बाकीच्यांचं हसणं बोचत नाही, एवढं मला दारात उभं राहून कळलं होतं.

परत कधी येणार, असं तुम्ही विचारलेलं नाही, तेव्हा मीही सांगत नाही. साखरेच्या डब्यावर खडूने ‘साखर’ लिहा. झरोका बंद करून घ्या, पोरांना वारा लागतो.

माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक जागा रिकामी आहे. यायचं असेल तर मंगळवारी चार वाजता, वेळेवर. सोबत दहा वाक्यं आणायची, डोळ्यांनी पाहिलेली, खरी. पहिलं वाक्य त्या दिवशी तुम्ही का हसलात त्याचं. पुढची नऊ तुम्हाला सुचतील, छत्तीस वर्षं आहेत तुमच्याकडे. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, क्रियापदं चुकली तरी चालतील. मी ती बघणार नाही, वाचणार आहे.

लाल पेन शोधू नका. ते मी आणलंय.